लांब पल्ल्याचा हप्ता

मोठे ध्येय ठेवा, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे ते सांगतात, दहावीच्या निकालानंतर सत्काराच्या व्यासपीठावरून पुढारी ते सांगतात, लग्नकार्यात भेटलेले दूरचे मामाही पाठीवर थाप मारून तेच सांगतात. ऐकणारा पोरगा मान डोलावतो. पण मोठे ध्येय ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग होते असे की, ध्येय भिंतीवर कागद चिकटवून राहते आणि माणूस त्याच्याकडे पाहत पाहत हळूहळू खचत जातो. ध्येय लहान असते तर ते कधीच गाठले गेले असते; मोठे आहे म्हणूनच ते दूर दिसते आणि दूर दिसते म्हणूनच पहिले पाऊल उचलायला मन घेत नाही. हा पेच जुना आहे.

तो सोडवण्याची एक रीत जगभरच्या धावपटूंनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घडवली आहे. मॅरेथॉनची तयारी हे तिचे नाव. मी स्वतः काही धावपटू नव्हे. उभी हयात बँकेच्या खुर्चीत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांच्या कागदांत. पण निवृत्तीनंतर मुकुटबनसारख्या गावात राहताना पहाटे जे दिसते, त्यामुळे या विषयाचा पाठपुरावा करावासा वाटला. जितके वाचले, विचारले, तितके जाणवत गेले की, ही विद्या फक्त पायांची नाही. कर्ज फेडणाऱ्याला, पुस्तक लिहिणाऱ्याला, मुलीला डॉक्टर करू पाहणाऱ्या शेतकऱ्याला, सर्वांनाच तिच्यात काही ना काही घेण्यासारखे आहे.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी-जामणी तालुक्यातले गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आजूबाजूला कपाशीची शेती, कोलाम-गोंडांचे पोड, जमिनीखाली चुनखडी आणि थोडे पुढे वणीकडे गेले की कोळसा. २०२२ साली इथे मोठा सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि गावाचे नाव बाहेरच्या लोकांच्या तोंडी आले. एरवी आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशा जिल्ह्यात बसून मॅरेथॉनविषयी लिहायचे म्हणजे पोट भरलेल्या माणसाने उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे वाटण्याचा संभव आहे. मुंबई-पुण्याच्या रविवार सकाळी रंगीत बनियन घालून धावणाऱ्यांचे ते कौतुक, आपल्याला त्याचे काय, असे कोणीही म्हणेल. पण थोडे थांबा. मोठ्या अंतरासमोर उभ्या असलेल्या माणसाची अवस्था शहरात काय आणि खेड्यात काय, सारखीच असते.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. मुकुटबनहून निघून वणी गाठली तरी हे अंतर पुरे होत नाही, इतके ते मोठे. हा विचित्र आकडा आला कुठून? १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा हे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून ते क्रीडागारातल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत रस्ता आखला गेला आणि तो भरला २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने तोच आकडा कायम केला. म्हणजे या अंतरात कसलेही गूढ नाही. पण योगायोग असा की, ते मानवी शरीराच्या कुवतीच्या नेमके थोडे पलीकडे जाते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो धावताना साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतो. पुढचे अंतर शरीराला चरबी जाळून, रेटून काढावे लागते. धावपटू याला भिंत म्हणतात. तीस किलोमीटरपर्यंत हसत-खेळत आलेला माणूस या भिंतीवर आपटतो आणि बारा किलोमीटरमध्ये त्याला आपली पुरती ओळख होते.

आता गंमत पाहा. ही भिंत पार करायची तयारी करणारे बहुतेक सारे नवखे धावपटू शर्यतीच्या दिवसापूर्वी पूर्ण ४२ किलोमीटर एकदाही धावत नाहीत. सोळा ते अठरा आठवड्यांची तयारी असते. त्यात सर्वांत लांब धाव ३०-३२ किलोमीटरची, तीही एकदा किंवा दोनदा. शेवटचे दोन-तीन आठवडे तर धावणे कमी करत आणायचे असते. एवढ्यावर माणूस ४२ कसे गाठतो? तर रोजच्या छोट्या धावांची बेरीज अंगात मुरलेली असते म्हणून.

जुना बँकवाला असल्याने मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. धावपटूंमध्ये एक ढोबळ नियम सांगतात : आठवड्याचे एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. समजा, एखाद्याने पहिल्या आठवड्यात चार दिवस तीन-तीन किलोमीटर, म्हणजे एकूण १२ किलोमीटरपासून सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात तेरा-सव्वातेरा. तिसऱ्यात साडेचौदा. वाढ इतकी किरकोळ की, शेजाऱ्यालाही कळू नये. पण सोळाव्या आठवड्यात हा आकडा ५० किलोमीटरवर पोचलेला असतो. हे चक्रवाढ व्याज आहे. मधल्या काळात दर चौथ्या आठवड्याला विश्रांतीसाठी अंतर कमी केले तर मुक्काम महिनाभर लांबतो, एवढेच.

छोट्या गावच्या बाजारपेठेत पिग्मी एजंट सर्वांच्या ओळखीचा. पानटपरीवाला, शिवणकाम करणारी बाई, सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री, यांच्याकडे तो रोज जातो, दहा-वीस रुपये घेतो, पुस्तकात नोंद करतो. ही योजना १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने सुरू केली, तेव्हा रोजचा हप्ता होता दोन आण्यांचा. बँकेचे मोठे मोठे अधिकारी ज्या गिऱ्हाइकाकडे ढुंकून पाहणार नाहीत, त्याच्या नावावर वर्षाअखेर मुलाच्या फीची रक्कम उभी राहते. या योजनेची सगळी करामत त्या एजंटच्या येण्यात आहे. तो रोज येतो, म्हणून पैसे वेगळे निघतात. महिन्याच्या शेवटी एकदम तीनशे रुपये द्या म्हटले तर ते निघणार नाहीत. मॅरेथॉनचे वेळापत्रक हा असाच रोज दारात येऊन उभा राहणारा माणूस आहे. तो तुमचे मोठे स्वप्न विचारत नाही. आजचे पाच किलोमीटर मागतो, वहीत लिहितो आणि निघून जातो.

याचे एक उदाहरण आमच्याच भागातले आहे, फक्त ते माणसाचे नाही. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या उन्हाळ्याअखेर एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात वनखात्याचा पट्टा होता, म्हणून त्याचा प्रवास नोंदला गेला. शेते, नाले, रस्ते पार करत, काही काळ तेलंगणातही फिरून, तो डिसेंबरच्या सुमारास बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १३०० किलोमीटरहून अधिक झाली होती. वर्तमानपत्रांनी या पराक्रमाच्या बातम्या दिल्या आणि त्या योग्यच होत्या. पण पाच-साडेपाच महिन्यांनी भागून पाहा. रोजची सरासरी आठ-नऊ किलोमीटर येते. तेवढे तर आमच्या पोडावरची बाई मजुरीला जाऊन-येऊन चालते. नवल अंतराचे आहेच, पण त्याहून अधिक न थांबण्याचे आहे.

तयारीचे दुसरे सूत्र मात्र बँकेत शिकता येत नाही, ते शेतात शिकता येते. धावायला लागलेल्या माणसाचे हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. दम लागेनासा होतो, उत्साह वाढतो. पण सांध्यांजवळचे स्नायुबंध आणि हाडे यांना बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून नवखा धावपटू जायबंदी होतो तो बहुधा पहिल्या आठवड्यात नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा त्याला वाटते की, आता आपल्याला जमले. उमेद आधी वाढते आणि ताकद मागून येते, या दोहोंच्या मधल्या काळात माणूस मोडतो. व्यवसायात, अभ्यासात, राजकारणातही असेच मोडलेले लोक आपण पाहिले आहेत.

कपाशी करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. युरिया जास्त पडला की झाड हिरवेगार, कमरेएवढे होते, पाहणारा वाहवा करतो आणि बोंडे मात्र धरत नाहीत. पहिल्या वेच्याची घाई झाली म्हणून बोंड कोणी हाताने उकलत नाही. स्नायू बळकट होतात तेही धावताना नव्हे, धावून झाल्यावर, झोपेत आणि विश्रांतीत. धावण्याने त्यांची फक्त मशागत होते. म्हणून विश्रांतीचा दिवस हा वेळापत्रकातला रिकामा दिवस नसतो, तो कामाचाच दिवस असतो. आपल्याकडे मेहनतीचे इतके कौतुक आहे की, विश्रांती घेणाऱ्याला आळशी म्हणून मोकळे होतात. पहाटे तीनपर्यंत अभ्यास करणाऱ्या पोराचे घरोघर गुणगान होते. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला झोप आली तर ती त्याची चूक.

तिसरे सूत्र ऐकले की बहुतेकांना खोटे वाटते. ते म्हणजे, वेगाने धावायचे असेल तर बहुतेक वेळ सावकाश धावा. जगातले नामांकित लांब पल्ल्याचे धावपटू आपल्या एकूण धावण्यापैकी सुमारे ८० टक्के धावणे आरामाच्या गतीने करतात. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या. हा विचार रूढ करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांना जाते. हा गृहस्थ कोणी विद्यापीठातला तज्ज्ञ नव्हता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा, पहाटे दूध घालायचा आणि उरल्या वेळात स्वतःवर प्रयोग करून पाहायचा. त्याच्याकडे शिकायला आलेली पोरे ऑकलंडमध्ये त्याच्या आसपास राहणारी. पीटर स्नेल हा त्यांपैकी एक. त्याची शर्यत फक्त ८०० मीटरची, दोन मिनिटांच्या आत संपणारी. लिडियार्डने त्यालाही मॅरेथॉनवाल्यांसारखे डोंगराळ रस्त्यावरून २२-२२ मैल पळवले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे सुवर्णपदक घेतले. त्याच दिवशी लिडियार्डचा दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये पहिला आला आणि त्याच ऑलिंपिकमध्ये पुढे तिसरा, बॅरी मॅगी, मॅरेथॉनमध्ये तिसरा. एका शहरातल्या एका दूधवाल्याची ही पोरे. पुढे १९६४ मध्ये टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. छोट्या अंतराची ताकद लांब अंतराच्या तयारीतून येते, हे त्या दिवसापासून जगाला मान्य करावे लागले.

आपल्या मराठी मुलखाचाही या शर्यतीशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यांतली माणसे पाहून दोराबजी टाटा यांच्या मनात आले की, यांना ऑलिंपिकला का पाठवू नये? त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला सहा खेळाडूंचा संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीचा रस्ता नेहमीपेक्षाही लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरचा. चौगुल्यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केला आणि ते एकोणिसावे आले. किलोमीटरला सरासरी चार मिनिटे! आजही आपल्या गावातल्या तयारीच्या पोराने एक किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहावे आणि मग मनात आणावे की, असे बेचाळीसहून जास्त किलोमीटर एकामागे एक काढायचे आहेत. एकोणिसावा क्रमांक आपल्या शाळेच्या फळ्यावर कोणी लिहीत नाही. म्हणूनच फडेप्पा चौगुल्यांचे नाव आज किती घरांत माहीत असेल, याची शंका वाटते.

अलीकडचे उदाहरण ललिता बाबर यांचे. सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातले मोही हे त्यांचे गाव. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. एखाद्याने तिथेच बूड टेकले असते. त्यांनी मात्र लांब पल्ल्याची ही शिदोरी घेऊन ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे मोर्चा वळवला. २०१४ च्या आशियाई खेळांत कांस्यपदक, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी गाठली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय महिला अशा अंतिम फेरीत उतरली. तिथे त्या दहाव्या आल्या. पुढे त्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. एका ध्येयासाठी केलेली तयारी दुसऱ्या ध्येयाच्या कामी येते, याचा याहून चांगला दाखला सापडायचा नाही.

आणि लता करे यांना कसे विसरता येईल? बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, बक्षिसाच्या रकमेतून ते मिळणार होते, म्हणून ती धावली. २०२० साली तिच्यावर चित्रपट आला, त्यात तिने स्वतःच आपली भूमिका केली. लोकांचे डोळे पाणावले. पण ही कहाणी प्रेरणादायी म्हणून सांगताना थोडे अवघडल्यासारखे व्हायला हवे. नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, हे तिचे मोठेपण आहे आणि आपल्या सर्वांचे थिटेपण. तिने कसलीही तयारी केली नव्हती. शेतमजुरीत आयुष्यभर केलेले चालणे हीच तिची तयारी.

इथे विषय परत आमच्या मुकुटबनकडे येतो. आमच्याकडे पहाटे साडेचार-पाचला रस्त्याच्या कडेने जी पोरे-पोरी धावताना दिसतात, ती मॅरेथॉनची नावेसुद्धा न ऐकलेली असतात. ती धावतात पोलीस भरतीसाठी, सैन्यासाठी, वनखात्यासाठी. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावाच्या वेशीवर हे दृश्य आहे. पोलीस शिपाई व्हायचे तर मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर. काही मुलींच्या मागे बाप मोटारसायकलचा दिवा लावून सावकाश येत असतो. एक तर अंधार, दुसरे म्हणजे वाघाची भीती. हा तालुका वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे, तेव्हा ती भीती खोटी नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून सात वाजायच्या आत सगळे आटपावे लागते.

या पोरांसमोरचा आकडा मात्र मॅरेथॉनच्या आकड्याहून भयंकर आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात साधारण १७ हजार जागा होत्या आणि अर्ज आले होते १७ लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. मला एक पोरगा नेहमी भेटतो. तीन भरत्या देऊन झाल्या आहेत. एका पहाटे माझ्याजवळ थांबून, गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, “काकाजी, याही भरतीत नाही लागलो तं मंग?” मी म्हटले, “मंग काय, बाप्पा? बारावी झाली आहे ना तुझी?” तो म्हणाला, “झाली. पण घरचे म्हणतात, पळून पळून काय भेटलं तुले?”

या प्रश्नाला ‘मेहनत कर, यश नक्की मिळेल’ असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते खरे नाही. शंभरांपैकी नव्याण्णवांना ती जागा मिळणार नाही, मग त्यांनी कितीही मेहनत केलेली असो. हे गणित आहे आणि गणिताला प्रेरणेने फसवता येत नाही. बँकेत एक शहाणपण शिकवले जाते की, सगळी ठेव एका नावावर ठेवू नये. मोठ्या ध्येयाच्या बाबतीत माणसाने दोन खाती उघडावीत, असे मला वाटते. एक खाते निकालाचे. त्यात काय जमा होईल, ते आपल्या हाती नाही. तिथे जागा किती, पेपर कसा, इतरांचा वेग किती, हे सारे येते. दुसरे खाते तयारीचे. त्यात रोज काय भरायचे, ते पूर्णपणे आपल्या हाती. मॅरेथॉन धावणारे हजारो लोक पहिला क्रमांक मिळणार नाही, हे ठाऊक असूनच सुरुवात करतात. त्यांचे भांडण स्वतःच्या मागच्या वेळेशी असते. भरतीच्या पोराला नोकरी हवी आहे, त्याला ही चैन परवडणारी नाही, हे खरे. पण म्हणूनच त्याने दुसरे खाते जास्त काटेकोरपणे ठेवायला हवे. चार वर्षे पहाटे उठणारा, दारू-खर्ऱ्यापासून लांब राहिलेला, आजचे काम आज करणारा पोरगा भरतीत लागला नाही, तरी रिकाम्या हाताने परतलेला नसतो. त्याच शिस्तीने तो धंदा करील, शेती करील, दुसरी परीक्षा देईल. अट एवढीच की, निकालाच्या खात्यात शून्य दिसले म्हणून घरच्यांनी दुसरे खातेही बुडीत धरू नये.

आणि त्याच्या तयारीतही लिडियार्डचे शहाणपण यायला हवे. ही पोरे रोज पूर्ण ताकदीने १६०० मीटर पळतात, घड्याळ पाहतात, निराश होतात. नडगी दुखली की तेल चोळून पुन्हा पळतात. कोणी तरी त्यांना सांगायला हवे की, आठवड्यातून तीन-चार दिवस सावकाश, लांब धावा. एक-दोन दिवसच वेगाने. एक दिवस पूर्ण झोपा. पावडरी आणि इंजेक्शने विकणाऱ्यांना दारात उभे करू नका. भिजवलेले चणे, अंडी, भाकर, वरण पुरते. शरीराशी घाई केली की काय होते, ते आपण पाहिले आहे. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावण्यात काही उमेदवारांचे प्राण गेले. त्यानंतर अंतर कमी झाले. पण तयारीविना, उन्हात, उपाशीपोटी धावण्याचा धोका अंतर कमी करून संपत नाही.

शेवटी एक गोष्ट. धावणारा एकटा दिसतो, पण एकटा नसतो. २०१९ साली व्हिएन्नात केनियाच्या एलिउड किपचोगे यांनी हे अंतर दोन तासांच्या आत, १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले. ती रीतसर स्पर्धा नव्हती, म्हणून जागतिक विक्रमात ती वेळ धरली नाही. त्या दिवशी वारा अडवायला आणि वेग सांभाळायला आळीपाळीने ४१ धावपटू त्यांच्याभोवती होते. जगातल्या सर्वांत मोठ्या धावपटूला एवढी सोबत लागते, तर आमच्या पोराला निदान एक बरे मैदान लागणार नाही का? फौजासिंग यांनी वयाच्या ८९ व्या वर्षी मॅरेथॉनला सुरुवात केली, १०० व्या वर्षी टोरंटोत ती पूर्ण केली आणि जुलै २०२५ मध्ये, ११४ व्या वर्षी, पंजाबातल्या आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाच्या धडकेने गेले. शंभरीलाही न हरलेला माणूस रस्त्याने हरवला. आमच्या रस्त्यांवरून तर कोळसा, चुनखडी, कापूस भरलेल्या गाड्या अंधारात धावत असतात आणि त्यांच्या कडेने पोरी.

ग्रामपंचायतींनी, शाळांनी, आसपासच्या कारखान्यांनी मनात आणले तर हे सहज होण्यासारखे आहे. शाळेच्या मैदानाभोवती मातीचा चारशे मीटरचा वाटोळा रस्ता आखावा, पहाटे दोन तास चार दिवे लावावेत, आठवड्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पोरांची नाडी पाहावी, सैन्यातून निवृत्त झालेल्या गावच्याच एखाद्या माणसाला शिकवायला बोलवावे. याला कोट्यवधींची क्रीडासंकुले लागत नाहीत. असे मैदान झाले तर त्यावर गृहिणी चालतील, म्हातारे फेऱ्या मारतील आणि एखादी ललिता बाबर आमच्या झरी-जामणीतही निघेल. न निघाली तरी बिघडत नाही.

घरच्यांसाठी मात्र काही पैसेही लागत नाहीत. पहाटे धावून, घामाने निथळत घरी आलेल्या पोराला ‘निकाल कधी?’ असे विचारू नये. ‘आज किती झाले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते आणि ते नसल्याची टोचणी दिवसभर राहते. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याजवळ रोज असते. ते सांगताना त्याचा आवाज कसा बदलतो, तेवढे फक्त आपण ऐकायचे.